पोरींना निदान करार तरी द्या!

फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या, त्यामुळं आमच्याकडं महिला हॉकीची मॅच म्हटलं की जीव वर-खाली होतो. आणि दर वेळी तेच! नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, एकट्या दीपिकानं ११ गोल मारले. सात महिन्यांत देशादेशांच्या प्रो लीगमध्ये थेट तळाला. पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलची मोठी संधी मिळते, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, कडेला बॉल नीट थांबत नाही, तोवर समोरच्या धावत अंगावर आलेल्या असतात. अहो, टीव्हीवर आम्हाला दिसतं हे! त्यावर वर्षभर घासून काम करा ना. नाही, आधी माणसं बदला. टोकियो ऑलिंपिकमध्ये संघाला चौथं आणणारी कर्णधार राणी रामपाल २०२३ ला दक्षिण आफ्रिका दौऱ्यात परतली, गोल केले, तरी पुन्हा बाहेर. कारण आम्हाला अजून कळलेलं नाही.

देशातल्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात पोरीचा भाव मिनिटात ठरतो. पण भारतीय संघाच्या पुढच्या शिबिराच्या यादीत नाव असेल का, याचा घोर घरच्यांना कायमच. दोन वर्षांचा लेखी करार द्या, एका दुखापतीनं सगळं संपायची भीती तरी जाईल.