फेब्रुवारीतील चित्रपटांना दोन ओळींत उरकू नये

अमेरिकेत फेब्रुवारीत लागलेल्या नव्या चित्रपटांचा आढावा घेताना लेखकाने हा महिना टाकाऊ मालाचा ठरवला आहे, ते मला पटत नाही. ऑस्करच्या शर्यतीतले अनेक चित्रपट पात्रतेपुरते डिसेंबरअखेर मोजक्या शहरांत लागून जानेवारीत देशभर पोहोचलेले असतात, उन्हाळ्यातले भव्य चित्रपट अजून दूर असतात आणि ज्यांवर भरवसा नाही असे चित्रपट स्टुडिओ याच पोकळीत उरकून टाकतात, हे मान्य. परंतु पाच प्रमुख ऑस्कर मिळवणारा ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ १९९१ च्या फेब्रुवारीतच प्रदर्शित झाला होता आणि ‘गेट आउट’ हा भयपट २०१७ च्या. कपाच्या कडेला घासणाऱ्या चमच्याच्या आवाजाने नायकाला संमोहित करण्याचा त्यातील प्रसंग आठवावा: समोरासमोर बसलेली दोन माणसे आणि तो किणकिणाट, एवढ्यावर केवढी भीती उभी राहते! अशी कारागिरी बहुधा कमी खर्चाच्या भयपटांतच सापडते, आणि नेमके तेच चित्रपट या आढाव्यात दोन-दोन ओळींत निकालात काढले आहेत. मोठ्या चित्रपटांची जाहिरात त्यांचे निर्माते करतातच. समीक्षकाच्या शब्दाची खरी गरज या कमी खर्चाच्या चित्रपटांना असते. म्हणून पुढील महिन्याच्या आढाव्यात त्यांचे छायाचित्रण, ध्वनी आणि अभिनय यांविषयी सविस्तर लिहावे, ही आग्रहाची विनंती.