‘रिकामी टाकी वेल्ड करायला धोका नाही’ हे साफ खोटं आहे

शनिवारी सकाळी खानापूरहून मावसभावाचा फोन आला. ‘दादा, ओम्नी व्हॅनची पेट्रोलची टाकी खाली काढली. धुऊन काल दिवसभर उन्हात वाळवली. वेल्डिंग मशीन भाड्यानं आणलंय, कुठला रॉड लावू?’ मी आधी त्याला मशीनचा प्लग काढायला लावलं, मग हे कुणी शिकवलं ते विचारलं. त्यानं फॉरवर्ड पाठवला. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला.

मथळा असा: ‘जुन्या व्हॅनची गंजलेली टाकी 200 रुपयांत घरच्या घरी नवी करा.’ खाली पाच पायऱ्या. नळीनं तोंडानं ओढून पेट्रोल काढा. टाकी दोनदा पाण्यानं धुऊन तोंड उघडं ठेवून एक दिवस उन्हात टाका, मग पेट्रोल उरत नाही, भोक बिनधास्त वेल्ड करा. रात्रभर व्हिनेगर भरून ठेवा. आतून ऑइल पेंट फिरवा. बाहेरून एम-सील लावा.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. यातली दुसरी पायरी माणूस मारणारी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. हे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के. ओम्नीची टाकी पस्तीसेक लिटरची धरा. तिच्या सांध्यात चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली पेट्रोल राहिलं, तर त्याची जवळजवळ एक लिटर वाफ होते. पस्तीस लिटरात एक लिटर म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर. झालं, टाकी स्फोटाला तयार. जिला आपण रिकामी म्हणतो ती टाकी हवा आणि वाफेनं भरलेली असते, धोका तिथंच आहे.

मग पाण्यानं धुतलं ते? पेट्रोल पाण्यात मिसळतच नाही. दोन पत्रे जिथं दाबून जोडलेत त्या सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली, तळाच्या चिकट गाळात ते बसून राहतं. उन्हानं हलका भाग उडून जातो, म्हणून वास कमी होतो आणि माणसाला वाटतं झालं स्वच्छ. जड भाग तिथंच असतो. वेल्डिंगनं पत्रा तापला की तोच वाफ होऊन बाहेर येतो, आणि ठिणगी शेजारीच असते. नाकानं वास घेऊन याची खात्री होत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. आपल्या देशाची 2002 ची पेट्रोलियम नियमावली हेच सांगते: ज्या भांड्यात पेट्रोल होतं ते तापवून दुरुस्त करायचं तर आधी ते पेट्रोल आणि वाफ दोन्हींपासून मुक्त झालेलं पाहिजे. रिकामं भांडंसुद्धा, साफ होईपर्यंत, तोंड बंद करून ठेवायचं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तोंड उघडं ठेवून उन्हात टाकायला सांगितलंय.

मावसभावानं फोटो पाठवला तेव्हा मला खरा घाम फुटला. टाकी परसात पोत्यावर, झाकण काढलेलं, आणि सहा-सात पावलांवर आंघोळीचा बंब पेटलेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. परसाचा उतार बंबाकडेच होता. त्याची दोन्ही पोरं तिथंच खेळत होती.

तोंडानं नळी ओढणं हाही तसलाच प्रकार. पेट्रोल पातळ, ठसका लागला की थेट फुप्फुसात उतरतं आणि तिथं सूज आणतं. कुणी गिळलंच तर त्याला ओकायला लावू नका, दवाखान्यात न्या. बाजारात साधा हातपंप मिळतो, तो घ्या.

व्हिनेगरचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. आम्लानं गंज सुटतो. पण नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं आम्ल मारावं लागतं आणि टाकी लगेच पूर्ण कोरडी करावी लागते. नाहीतर उघड्या पडलेल्या पत्र्यावर काही तासांत नवा तांबूस थर चढतो. खानापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही.

ऑइल पेंट पेट्रोलमध्ये सुटतो, त्याची सालं फिल्टरमध्ये जाऊन बसतात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाला बसतं, जिथं गंज आधीच असतो. आतून लेप द्यायचाच तर इंधनाच्या टाकीसाठी बनवलेला, इथेनॉलला टिकणाराच घ्या. एम-सील गॅरेजपर्यंत गाडी नेण्यापुरतं ठीक, त्यावर वर्ष काढू नका.

मग करायचं काय? बॅटरीची वायर काढा, मोकळ्या जागेत काम करा, जवळपास बंब, चूल, विडी काही नको. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो, तो जाणत्याकडूनच काढून घ्या. भोक असेल तर जो टाक्यांचंच काम करतो त्याच्याकडे जा आणि तो आत काय करतो ते विचारा. पाण्याच्या वाफेनं किंवा कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यानं आतून साफ करतो का, झाळताना आत नायट्रोजनसारखा न जळणारा वायू सोडतो का. ‘पाणी मारून घेतो’ म्हणाला तर टाकी उचलून परत या. सांधाच कुजला असेल तर दुसरी टाकी बसवा. ओम्नी 2019 ला बंद झाली, पण आपल्या भागात अजून इतक्या फिरतात की शोधली तर टाकी मिळते.

मावसभावाच्या टाकीला तळाच्या सांध्यात तीन भोकं निघाली. मशीन त्याच दिवशी परत केलं. दुसरी टाकी मी बेळगावात बघितलीय, येत्या रविवारी घेऊन जातोय.