गोव्यात बसून दुर्मीळ चित्रपट कसा मिळवावा

दुर्मीळ चित्रपट शोधण्याचा संकल्प नोव्हेंबर महिन्यात पणजीतच सोडावा. 2004 साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे मुक्कामाला आला, तेव्हापासून त्या दिवसांत जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात अशा संकल्पांना पोषक हवामान असते. गळ्यात प्रतिनिधीचे ओळखपत्र अडकवून माकिनेझ पॅलेसच्या रांगेत उभे राहावे. पुढच्या माणसाला काही विचारू नये. तो पुण्याचा किंवा कोलकात्याचा असतो आणि आपणहून बोलतो. दहा मिनिटांच्या आत तो अशा एका चित्रपटाचे नाव घेतो, जे तुम्ही जन्मात ऐकलेले नसते. त्या क्षणी मान किंचित कलती करून, "चांगलाच आहे, पण त्याचा शेवट मला तितकासा पटला नाही," असे म्हणावे. हे वाक्य एकदा तोंडातून गेले की तो चित्रपट मिळवून शेवटपर्यंत पाहणे तुम्हाला भागच पडते, आणि शोधकार्याला यापेक्षा भक्कम पाया मी तरी पाहिलेला नाही.

समजा, हा चित्रपट 1970च्या दशकातला, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या कर्जावर काढलेला आणि फारसा कुणी न पाहिलेला आहे. त्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण सांगितले तर तुम्ही सगळेच त्याच्या मागे लागाल आणि माझ्या अडचणीला काही मोलच उरणार नाही. तुम्हीही ते कुणाला सांगू नये. "एक जुना कलात्मक चित्रपट शोधतो आहे," एवढेच मोघम जाहीर करावे. त्यावर दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातले तुमचे यच्चयावत नातेवाईक "त्रिकाल का?" असे विचारतील. 1985 सालच्या त्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथल्याच लोटली गावी व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या वाडवडिलांच्या घरात झाले होते, आणि तेव्हा तिथे गर्दीत उभ्या असलेल्या माणसांची आज मोजदाद केली, तर त्या अंगणात निम्मा तालुका मावला होता असे मानावे लागेल. त्यांना शांतपणे "नाही, तो मिळतो," असे सांगावे. मिळणाऱ्या चित्रपटाविषयी बोलताना आवाजात थोडी कीव असावी.

सुरुवात रीतसर मार्गाने करावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला सविस्तर पत्र लिहावे. 1964 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम चित्रपट जपणे हे आहे, ते तुमच्या दिवाणखान्यात पोचते करणे हे नव्हे, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असली तरी लिहावे. पत्राची प्रत चारचौघांत दाखवता येते. उत्तराची वाट पाहताना हळहळण्याचा सराव करावा. हळहळीला आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. 1931 सालचा आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुणाच्याच हाती नाही. 2003 सालच्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळे गेली. मात्र सर्वांत उपयोगी उदाहरण 'घाशीराम कोतवाल'चे आहे. नाटक मराठी, विषय पेशवाईतल्या पुण्याचा, 1976 साली ते पडद्यावर आणणारी मंडळी पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली. आणि चित्रपटाची शाबूत राहिलेली प्रिंट सापडली ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेच्या संग्रहात. यावरून शोधाचा मूलमंत्र काढावा, की आपली वस्तू आपल्या घरी शोधण्यात वेळ दवडू नये. (हे वाक्य लक्षात ठेवा, माझे नाक पुढे त्यावरच कापले जाणार आहे.)

परदेशातल्या एखाद्या चिमुकल्या संस्थेने तुमच्या चित्रपटाची डीव्हीडी काढल्याची कुणकुण लागली, तर पैसे भरण्याआधी जगाचा नकाशा समोर घ्यावा. डीव्हीडी काढणाऱ्यांनी पृथ्वीची वाटणी केलेली आहे. अमेरिका पहिल्या विभागात. युरोप, जपान आणि आखाती देश दुसऱ्या. आणि आपण रशिया व बहुतेक आफ्रिकेच्या पंगतीला पाचव्या. त्यामुळे कुवेतचा भाऊ आणील ती आणि लिस्बनची आत्या पाठवील ती, अशा दोन्ही तबकड्या तुमच्या प्लेअरमध्ये घातल्यावर एका निळ्या पडद्यापलीकडे काही दाखवत नाहीत, आणि आत्येला वाईट वाटू नये म्हणून तो निळा पडदाही काही वेळ कौतुकाने पाहावा लागतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा; पाचव्या बदलानंतर ज्या विभागात असाल, त्यातच कायमचे राहावे लागते. ज्या गावांत घरोघर पोर्तुगीज पासपोर्टची चर्चा चालते, तिथे हा नियम कुणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तबकडी कुरियरने मागवण्याचा विचार असेल तर जकातीचाही अभ्यास करावा. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना पूर्वी थोडी शुल्कमाफी असे. 2019च्या डिसेंबरमध्ये ती काढून टाकताना सरकारने सवलत ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. हे वाचल्याबरोबर लिस्बनच्या आत्येबहिणीला "श्रावणात पाठव" असे कळवण्याचा मोह होतो, पण राखीसोबत आलेली भेटवस्तू राखीत धरत नाहीत. उरला मार्ग, तुमचा चित्रपट जीवरक्षक असल्याचा दावा करण्याचा. दिग्दर्शकाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, ते जोडून अर्ज करून पाहायला हरकत नाही.

याहून खात्रीचा मार्ग बोटीवरच्या माणसाचा. गोव्यात ज्याच्या घरातले कुणीच बोटीवर नाही, त्याच्या निदान शेजाऱ्याचे तरी असते. क्रूझवर कामाला असलेल्या अशा एखाद्या चुलतभावाला चित्रपटाचे नाव, साल आणि दिग्दर्शक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि मार्सेयला किंवा बार्सिलोनाला बोट लागली की जुन्या दुकानांतून चौकशी करायला सांगावे. बिचाऱ्याला बंदरात चार तास मिळतात. त्यांतले दोन तो तुमच्यासाठी घालवतो आणि सहा महिन्यांनी घरी येतो तेव्हा चॉकलेट, अत्तर आणि त्याच नावाचा एक मारधाडीचा चित्रपट घेऊन येतो. "दुकानदार म्हणाला, तुझा आहे त्यापेक्षा हा चांगला," असे तो सांगतो. त्याच्याशी वाद घालू नये. मी तो चित्रपट पाहिला आहे आणि दुकानदाराचे अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही.

इंटरनेटवर पाहण्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. तिथे तो सापडला तर शोध संपतो, आणि संपलेल्या शोधाची गोष्ट पुढच्या नोव्हेंबरात रांगेत सांगता येत नाही. शिवाय तिथली प्रत बहुधा आडवी ताणलेली असते, त्यामुळे उपाशी शेतकरीही चांगला खात्यापित्या घरचा वाटतो.

एवढ्या उपायांनंतर तुम्ही व्हिडिओ कॅसेटपाशी येऊन पोचाल, आणि खरे शास्त्र इथून पुढे सुरू होते. दूरदर्शन एके काळी रविवारी दुपारी, जेवणे आटोपून माणसे आडवी होण्याच्या बेताला, पुरस्कार मिळालेले प्रादेशिक चित्रपट दाखवत असे. रात्री उशिराही असले काही लागे. ज्यांच्याकडे आखातातून आणलेला व्हीसीआर होता, त्यांतल्या काही भाविकांनी ते टेप करून ठेवले. तेव्हा फोंड्यात, म्हापशात, मडगावात जिथे कॅसेट भाड्याने देणारी लायब्ररी होती, त्या जागी जावे. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मालक तोच असतो. त्याला चित्रपटाचे नाव सांगितल्यावर तो "बाब, तसलें आतां कोण पळयता?" (तसले आता कोण पाहतो?) असे विचारतो, हा नकार आहे असे समजून परत फिरू नये, कारण तो तेवढे बोलून माळ्यावर चढलेला असतो. खाली येतो तेव्हा त्याच्या हातात गोणपाट असते आणि गोणपाटात पन्नासएक कॅसेटी असतात, ज्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीने वाचून संपवलेल्या असतात.

कॅसेट निवडताना तिच्या पाठीच्या कडेला असलेली प्लास्टिकची बारीक खुंटी पाहावी. खुंटी मोडलेली असेल तर त्या कॅसेटवर पुन्हा टेप करता येत नाही, म्हणजे आतला ऐवज सुरक्षित आहे असे समजावे. मोडलेल्या खुंटीच्या भोकावर कुणी चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती कशासाठी लावली असावी, याचा विचार करून मन दूषित करू नये. एवढ्या वर्षांनी हाती आलेल्या वस्तूकडे विश्वासाने पाहावे.

आता बुरशी. गोव्यात दर वर्षी पाऊस इंचांचे शतक कधी पुरे करतो, याची बातमी क्रिकेटच्या थाटात छापून येते. तशी तीसएक शतके तुमच्या कॅसेटने माळ्यावर बसून पाहिलेली असतात. फितीवर पिठासारखा पांढरा थर दिसला तर घाबरू नये, मात्र कॅसेट तशीच यंत्रात सारू नये, कारण ती बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद वाटते. आधी कॅसेट ज्या कपाटात झिरोचा बल्ब जळत ठेवला आहे अशा कपाटात आठवडाभर वाळवावी. कपाट काकीच्या शालूंचे असेल तर परवानगी शालूंच्या काळजीपोटी मागावी. मग कॅसेट उघडून फीत हलक्या हाताने पुसावी. या कामाला दोन संध्याकाळी लागतात आणि त्या संध्याकाळी घरातले कुणीही तुमच्याशी बोलत नाही.

व्हीसीआर नवा मिळण्याची आशा सोडावी. जपानच्या फुनाई कंपनीने 2016च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले आणि जगातला शेवटचा कारखाना बंद झाला. म्हणून ज्याने शाळेबरोबर रेडिओही अर्धवट सोडले नाहीत असा गावातला दुरुस्तीवाला गाठावा. दोन मेलेल्या व्हीसीआरमधून तो एक जिवंत करून देतो. फक्त झाकण लावायचे नाही आणि वर पंखा धरायचा, एवढी त्याची अट असते.

पाहण्यासाठी रविवारची दुपार धरावी आणि घरच्यांना बोलवावे. एकट्याने पाहिलेल्या दुर्मीळ चित्रपटाला साक्षीदार राहत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी घेतलेला असतो आणि आपल्याकडचे टीव्ही प्रक्षेपण 25 चौकटींचे; त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत उरकतो. ही चार मिनिटांची सूट आहे, असे आरंभीच जाहीर केल्यास काका निदान पहिली वीस मिनिटे बसतात. पडद्यावर एक बाई खिडकीत उभी राहील. बऱ्याच वेळाने ती बसेल. शेजारची मावशी "हिला काय झाले आहे?" असे विचारील, आणि त्याचे उत्तर तुम्हाला देता येत नाही हे तुम्ही जाणकार असल्याचे लक्षण समजावे. पाऊण तासात खोलीत तुम्ही, पंखा आणि व्हीसीआर एवढेच उराल.

आणि मग, शेवटाला वीसएक मिनिटे उरली असताना, जो शेवट तुम्हाला पटला नव्हता तो आता येणार म्हणून तुम्ही सरसावून बसलेले असताना, पडद्यावर चार आडव्या रेघा येतात आणि पेटीचा सूर लागतो. तुमच्याच वाड्यावरच्या देवळासमोरचा मांडव दिसतो. जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकाचा दुसरा अंक चालू असतो. मनगटावरचे घड्याळ काढायला विसरलेला सरदार तलवार उपसून उभा असतो आणि त्याचे वाक्य आतून प्रॉम्प्टर त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणत असतो. आखातातून कॅमेरा घेऊन आलेल्या कुणीतरी हाताशी आलेली कॅसेट वापरलेली असते. चिकटपट्टीचा उलगडा इथे होतो.

अशा वेळी हात पुढे पळवण्याच्या बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नये. पेटी ऐकून काकी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी येते. मावशी कुंपणापलीकडून "तो प्रॉम्प्टर आमच्या भावोजींचा आवाज आहे," असे ओरडत येते. अर्ध्या तासात चप्पल काढायला व्हरांड्यात जागा उरत नाही. अंक संपतो तसा "परत लाव" असा हुकूम सुटतो, आणि तिसऱ्यांदा लावल्यावर राणीच्या भूमिकेतले गृहस्थ, आता गुडघे धरून बसलेले, स्वतःच्या पदाला स्वतःच टाळी देतात. तुमचा चित्रपट कोणत्या बाजूला राहिला, याची चौकशी कुणी करत नाही. कॅसेट त्या रात्री शेजारी जाते, तिथून देवळाच्या समितीकडे.

आठवड्याने काकी तुम्हाला हाक मारते. तिसरा अंक या कॅसेटवर नाही, असे समितीच्या लक्षात आलेले असते. तो दुसऱ्या कुठल्यातरी कॅसेटवर असणार. एक जण कुवेतला फोन करून बसला आहे, बोटीवरच्या चुलतभावालाही विचारून झाले आहे. "तुला असल्या गोष्टी हुडकायची सवय आहे," काकी म्हणते, "तेवढा तिसरा अंक कुठे मिळतो का बघ."