कोरडी विहीर आणि पोहरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सजग वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि मध्ये एक दिवस जाऊ देऊन मगच हे उत्तर लिहायला बसलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्या वाचकाचे म्हणणे थोडक्यात सांगतो. खानेसुमारी आणि इतर सरकारी नोंदींतून घराण्याचा माग कसा काढावा, या माझ्या लेखात पहिल्या एककालिक जनगणनेचे वर्ष चुकले आहे. माझ्या आजोबांच्या दोन नोंदी केवळ नावे जुळतात म्हणून मी एकाच माणसाच्या मानल्या आहेत. मी दिलेल्या वंशावळीत एकाही बाईचे नाव नाही. आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, ‘लेखक महाशय, ज्या जनगणनेत एकाही माणसाचे नाव मिळत नाही तिच्यातून पूर्वज शोधायला सांगणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडायला सांगणे होय.’

पहिला मुद्दा मला मान्य आहे. १८७२ ची मोजणी देशभर एकाच वेळी झालेली नव्हती. ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या काळी झाली, आणि एककालिक म्हणावी अशी पहिली जनगणना १८८१ च्या फेब्रुवारीतली. मी १८७२ लिहिले होते, ते त्याच रात्री दुरुस्त केले. कुणी चूक दाखवली की मी ती सुधारतो आणि आभार मानतो, इथेही मानतो. मात्र ‘महाशय’ या शब्दाबद्दल दोन वाक्ये लिहिणे मला भाग आहे. हा शब्द मुळात आदराचा, परंतु आपल्याकडे तो तोंडावर कधी वापरतात हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तीस वर्षे सुट्टीच्या दिवसांत दफ्तरे चाळणाऱ्या माणसाने त्यातला उपहास ओळखू नये, अशी अपेक्षा आपण ठेवू नये.

आता विहीर. जनगणनेत व्यक्तीचे नाव मिळत नाही, हे आपण मला अशा थाटात सांगत आहात की जणू मी ते लपवून ठेवले होते. त्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिले आहे की जनगणना कायदा, १९४८ याच्या कलम १५ प्रमाणे जनगणनेची पत्रके कुणालाही पाहता येत नाहीत आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडमध्ये १९२१ ची पत्रके शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत बहात्तर वर्षांचा नियम आहे, म्हणून १९५० ची पत्रके त्याच वर्षी लोकांच्या हाती आली, आणि तिथला माणूस पणजोबाचे नाव, वय, धंदा आणि घरातली माणसे एका पानावर वाचू शकतो. आपल्याला तसे पान मिळणार नाही, हे मी स्पष्ट लिहिले. आपण तिथपर्यंत वाचले नसेल तर तो दोष माझा नाही.

पण नाव नाही म्हणून विहीर कोरडी, हा निष्कर्ष ज्याने कधी शोध घेतला नाही त्यालाच सुचतो. इथे मला घरचीच गोष्ट सांगावी लागेल. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेले असे की पणजोबा मुंबईला गिरणीत आले आणि आजोबांचा जन्म मुंबईतला. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९०० आहे. अशी १ जून किती घरांत असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू होत, मूल सहा-सात वर्षांचे दिसले की गुरुजी मागे मोजून ही तारीख घालून टाकत. त्या तारखेच्या भोवतालची वर्षे धरून मी मुंबईच्या जन्मनोंदी तपासून घेतल्या, दोनदा घेतल्या, आणि काहीही मिळाले नाही. दोन वर्षे मी तिथेच अडकून पडलो होतो.

सुटका झाली ती आपल्या या कोरड्या विहिरीतून. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या पुराभिलेखागारात दुसरेच काही शोधत असताना १९०१ च्या मुंबईच्या जनगणनेचे आकडे समोर आले. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. वाढत्या शहरात दहा वर्षांनी ती नऊ लाखांच्या पुढे असायला हवी, पण १९०१ चा आकडा ७,७६,००६ आहे. आणि पुढे पाच वर्षांनी, १९०६ मध्ये, महापालिकेने स्वतंत्र मोजणी केली तेव्हा तो ९,७७,८२२ वर गेला. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि लोकलमध्ये घरी परतताना माझ्या लक्षात आले की मी चुकीच्या गावात शोधत होतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि मुंबईतून माणसे गावाकडे पळाली, हे शाळेतही शिकलो होतो. पण ती पळालेली माणसे म्हणजे आपलेच पणजोबा असू शकतात, हे त्या दोन आकड्यांमधल्या खड्ड्याने सांगितले. नोकरी मुंबईची, पण बाळंतपण गावी, आणि परतणे प्लेग ओसरल्यावर. असे असेल तर जन्माची नोंद मुंबईत कशी मिळावी?

म्हणून मी गावाच्या कोतवाल बुकाकडे, म्हणजे जन्ममृत्यूच्या ‘गाव नमुना १४’ या नोंदवहीकडे, वळलो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे हा शब्द घरोघरी पोचला, पण मी ज्या काळाबद्दल लिहितो आहे तेव्हा ‘गाव नमुना १४ दाखवा’ म्हटले की समोरचा कारकून आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहत असे. कागद ठिसूळ, शाई उडालेली, लिपी मोडी. एका जाणकाराकडून पाने वाचून घेतली, आणि १८९८ च्या नोंदींत पणजोबांच्या नावाने मुलगा झाल्याची ओळ निघाली. म्हणजे आजोबा दाखल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते आणि जन्माने मुंबईकर नव्हते. जनगणनेने मला नाव दिले नाही. नाव कोणत्या कपाटात आहे ते दिले.

आणखी एक उदाहरण देतो, कारण एका उदाहरणाला आपण योगायोग म्हणाल. कोकणातला माणूस ‘आमचे गाव’ म्हणून ज्याचे नाव सांगतो ती पुष्कळदा वाडी असते, आणि वाडीच्या नावाने फेरफार निघत नाही, कोतवाल बुक नसते, काहीच नसते. सर्व नोंदी महसुली गावाच्या नावावर असतात. वाडी कोणत्या गावात मोडते आणि गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात होते, हे जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका हाताशी असल्या तर बरेचसे उलगडते, कारण त्यांत गावांची तालुकावार यादी असते. एकाच नावाची दोन गावे दोन तालुक्यांत असली की नुसत्या आठवणीवर विसंबलेला माणूस चुकीच्या तहसिलीत दिवस घालवतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसाने जुनी पुस्तिका कोणत्या जिल्ह्याच्या नावाने मागावी, हा प्रश्न मला अजूनही पत्रांतून विचारला जातो. आपल्याला तो पडलेला दिसत नाही.

आणि विहिरीचाच दाखला द्यायचा तर नीट द्यावा. आमच्या गावी एप्रिल सरता सरता विहिरी तळाला जातात. तेव्हा कोणीही शहाणे माणूस आधी पोहरा सोडत नाही. काठावर वाकून एक खडा टाकते, आवाजावरून पाणी किती खाली गेले ते ओळखते, आणि मग तेवढा दोर घेऊन येते. मी वाचकांना खडा टाकायला सांगितले होते. तुम्ही पोहऱ्यावरून हसलात. माझे वडील १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडले ते परत गेले नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत नायगावच्या बीडीडी चाळीच्या भाड्याच्या पावत्या, एक रेशनकार्ड आणि आजोबांचा तो दाखला, एवढेच कागद होते. ज्याच्या घरी इनामाची सनद नाही आणि जहागिरीचे दफ्तर नाही, त्याला आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. ज्यांच्या घरी बखरी आहेत त्यांनी खुशाल हसावे.

राहिले दोन मुद्दे. वंशावळीत बायकांची नावे नाहीत हे खरे आहे, परंतु ती मी गाळलेली नाहीत. आमच्या गावच्या ज्या नोंदी मला मिळाल्या त्यांत आईचे नावच नाही. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या त्यांच्या वहीत, पणजीचे नाव असण्याची शक्यता आहे. तो मोठा विषय आहे आणि त्यावर मी स्वतंत्र लेख लिहीन.

‘नावे जुळली म्हणून माणूस तोच कशावरून’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची मला गरज वाटत नाही. १८९८ च्या त्या नोंदीत आडनाव नाही, हे मी स्वतःच लिहिले होते. त्या काळी ते लिहिण्याची सक्ती नव्हती. गावात त्या नावाचा दुसरा गृहस्थ नव्हता, असे माझ्या आत्याने मला दोनदा सांगितले आहे. ती नव्वदीची आहे, आणि माणसांच्या बाबतीत तिची गल्लत झालेली मी कधी पाहिली नाही. आपल्याला शंकाच असेल तर खरे नाव सांगून तिला भेटायला या; टोपणनावाच्या माणसाला ती उंबरा ओलांडू देणार नाही.