डेनेथॉरची वकिली नव्हे, ताई

म्हापशाच्या ताई, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या डेनेथॉरवर, म्हणजे राजा नसलेल्या गोंडोरच्या कारभाऱ्यावर, मी लिहिलं होतं. त्यावरचा तुमचा राग पोचला. ‘पोटचं पोर जिवंत असताना त्याची चिता रचणाऱ्या बापाला कसलं समजून घेताय?’ असं तुम्ही विचारलंत. आधी माझी चूक कबूल करतो. प्रवासाला निघायला लावणारं ते स्वप्न त्याच्या दोघा मुलांना, थोरल्या बोरोमिरला आणि धाकट्या फारामिरला, सारखंच पडलं, असं मी लिहून गेलो. फारामिरला ते वारंवार पडलं, बोरोमिरला एकदाच. तरी प्रवासाला हट्टाने निघाला तो बोरोमिर.

पण ‘बापच दुष्ट’ म्हणून विषय मिटवायला मी तयार नाही. मला वाटतं, तुमच्या डोळ्यांपुढे 2003 च्या सिनेमातला, टोमॅटो चावत बसलेला डेनेथॉर आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पुस्तकात जादूगार गँडाल्फ सोबतच्या पिपिनला सांगतो की जुन्या वंशाचं रक्त डेनेथॉरमध्ये उतरलंय, फारामिरमध्येही, लाडक्या बोरोमिरमध्ये मात्र नाही. म्हणजे नावडता कोण, तर बापावर गेलेला! याचं मूळ परिशिष्टात सापडतं. डेनेथॉर तरुण असताना त्याच्या वडिलांच्या, एक्थेलिऑनच्या, पदरी थॉरोंगिल नावाचा परका योद्धा होता. वेश पालटलेला ॲरागॉर्नच तो, गोंडोरच्या गादीचा खरा वारस. लोकांच्या मनात पहिला तो, एक्थेलिऑनच्याही मनात पहिला तोच. सख्खा मुलगा दुसरा. हा थॉरोंगिल गँडाल्फला जवळ करा म्हणून सांगायचा, आणि पुढे फारामिर त्याच गँडाल्फच्या नादी लागला. डेनेथॉरला पोराच्या तोंडून कोणाचा आवाज ऐकू येत असेल?

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, दरवर्षी धाकटे काका बांधायचे. नारळाची पेंड, सुपारीचे घड, आंबाडे, सगळं शिडीवर चढून. खाली खुर्चीत बसून आजोबा एवढंच म्हणायचे, ‘थोरला असता तर सरळ बांधली असती.’ थोरले मुंबईला. काका उतरून परत चढायचे. त्यामुळे बोरोमिर मेल्यावर ‘आमच्या जागांची अदलाबदल व्हायला हवी होती का?’ असं फारामिर विचारतो आणि बाप ‘हो’ म्हणतो, तिथे मला पान उलटवत नाही.

डेनेथॉरची रामायणातल्या भरताशी केलेली तुलना ओढूनताणून वाटली म्हणता. असेल. पण रिकाम्या सिंहासनाच्या खालच्या पायरीवर काळ्या दगडाची खुर्ची मांडून साडेनऊशेहून जास्त वर्षं कारभार करणाऱ्या घराण्याला दुसरं काय म्हणू? फक्त या भरताला राम परत यायला नको होता.

चितेबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. तापात फारामिर बापाला हाक मारतो, डेनेथॉर रडतो, ‘तो मला बोलावतोय’ म्हणतो, आणि तरीही जाळायचंच धरून बसतो.

राहिली मुलांची आई. तिच्यावर, फिनडुइलासवर, मी दोनच ओळी लिहिल्या, ही तुमची तक्रार खरी आहे. समुद्राकाठची लेक दगडी शहरात दिली. लग्नाला 12 वर्षं झाली आणि ती गेली, तेव्हा फारामिर 5 वर्षांचा. शेवटपर्यंत ती दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने बघत राहायची. घाटावर दिलेल्या आपल्याकडच्या आत्या आठवा. तिचा ताऱ्यांच्या काठाचा निळा अंगरखा पुढे निघतो तो फारामिरकडे. थंडीत तो, पुढे त्याची बायको होणाऱ्या एओविनच्या खांद्यावर घालतो.