नाकापेक्षा मोती जड

लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून आमच्या गावाचं नाव नाशिक पडलं, ही गोष्ट इथल्या पोराला बालवाडीआधीच माहीत होते. लहानपणी मला शूर्पणखेची फार दया यायची. गेल्या दोन वर्षांत मात्र अधूनमधून तिचा हेवा वाटला आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. दहा बाय बाराची खोली, चार टेबलं, चार माणसं आणि एक खिडकी. ती कॉम्प्रेसरकडे उघडते, म्हणून कायमची बंद. माझ्या डाव्या हाताला अडीच फुटांवर डिस्पॅचचे नाना बसतात. नाना हे त्यांचं खरं नाव नाही, पण नाशिकच्या प्रत्येक हापिसात एक नाना असतोच, तेव्हा चालून जाईल. वयाने मोठे, कामाला चोख, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारे. माझी गाडी बंद पडली तेव्हा पाथर्डी फाट्यापर्यंत ढकलत आलेले. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

तर, वास. सकाळी नऊला तो ओल्या गोणपाटासारखा असायचा. साडेअकराला गाडी भरून नाना गोडाऊनमधून परत आले की कांद्याची चाळ, महिना ऑगस्ट. ज्यांनी लासलगाव-निफाडकडे पावसाळ्यात सडका कांदा निवडलाय त्यांना जास्त सांगायला नको. चारनंतर उपमा संपायच्या.

कंपनीचा युनिफॉर्म गडद निळा, शंभर टक्के पॉलिएस्टर. त्यावर काखेपासून पाठीकडे घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटायची. सोमवारी एक, मंगळवारी तिच्याबाहेर दुसरी. झाडाच्या खोडावरच्या कड्यांवरून जसं वय मोजतात, तसा आम्ही नानांच्या पाठीवरून वार ओळखायचो. गुरुवारी पाठीवर महाराष्ट्राचा नकाशा तयार व्हायचा, कोकणपट्टीसकट. आमच्यातला एक जण म्हणायचाच, ‘नानांच्या आंघोळीचा मुहूर्त थेट सिंहस्थाला. 2015 चा झाला, आता 2027.’ अख्खा देश जिथे अंग बुडवायला येतो त्या गावात हे सोसायचं, म्हणून आमचा जीव जास्तच जळायचा.

रात्री झोप येईना तेव्हा मी मोबाईलवर घामाचा अभ्यास केला. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि गंमत म्हणजे ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतला घाम त्वचेवरचे जिवाणू खातात आणि त्यांच्या त्या जेवणावळीतून जे निघतं ते आपल्या नाकाशी येतं. पॉलिएस्टरच्या कापडात तो वास सुती कापडापेक्षा जास्त धरून राहतो. म्हणजे निम्मा दोष कंपनीच्या खरेदी विभागाचा. हे ज्ञान मिळाल्यावर मला बरं वाटलं, पण वास तेवढाच राहिला.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त कामाची. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून आम्ही चहाला बाहेर जाणं बंद केलं. बाहेर गेलं की नाक ताजंतवानं होऊन परत येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा सकाळी एकदा दम धरून आत शिरायचं आणि जेवणापर्यंत हलायचं नाही. त्या तिमाहीत आमच्या विभागाचं काम वेळेआधी संपलं. मालकांनी कौतुक केलं.

उपाय पुष्कळ केले. टेबलफॅन नानांच्या मागे ठेवला तर सगळा माल माझ्याकडे यायचा. पुढे ठेवला की नाना म्हणायचे, ‘तुम्हालाच गरम होतंय, तुम्ही घ्या,’ आणि प्रेमाने माझ्या बाजूला वळवायचे. उदबत्ती लावली. तिने वास गेला नाही, तो फक्त भाविक झाला. नोटीस बोर्डावर ‘वैयक्तिक स्वच्छता राखावी’ असा कागद चिकटवला. तो वाचून कारखान्यातल्या प्रत्येक माणसाने हळूच आपली कॉलर हुंगली. नानांनी तेवढी हुंगली नाही. उलट मोठ्याने वाचून म्हणाले, ‘बरं केलं. स्टोअरवाल्याला सांगायलाच पाहिजे होतं कुणीतरी.’

दिवाळीला आम्ही तिघांनी वर्गणी काढून नानांना उटणं आणि मोती साबणाच्या सहा वड्या दिल्या. भाऊबीज उलटल्यावर मी सहज विचारलं, ‘काय नाना, साबण कसा वाटला?’

‘एक नंबर! सहाच्या सहा सासुरवाडीला देऊन टाकल्या. सासरे खूश.’

शेवटी मी एचआरच्या साहेबांकडे गेलो. त्यांची केबिन काचेची, एसीची, दार बंद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या मनगटावर अत्तर चोळलं आणि म्हणाले, ‘हा विषय नाजूक आहे. तुम्ही त्यांच्या जवळचे, तुम्हीच सांगा.’ जवळचा! अडीच फूट.

आता एखाद्याला ‘तुमच्या अंगाला वास येतो’ हे कसं सांगायचं? मराठीत नाकावर एवढे वाक्प्रचार आहेत, पण सगळे भांडणाच्या कामाचे. आणि हे सांगणारा माणूस आपोआप नाकाने कांदे सोलणारा ठरतो. महिनाभर मी आरशासमोर तालीम केली. मग एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, नानांना गंगापूर रोडला चुलीवरच्या मिसळीला घेऊन गेलो. हिशेब साधा होता: धूर, तर्री आणि कांदा यांच्या आडोशाने बोलता येईल. दोन पाव संपल्यावर मी ताटात बघत म्हणालो, ‘नाना, राग मानू नका. युनिफॉर्मला जरा... वास येतो.’

नानांचा हात तर्रीच्या वाटीवर थांबला.

‘किती दिवसांपासून?’

‘दोन वर्षं.’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला वासच येत नाही हो. एकवीसच्या एप्रिलात कोरोना झाला तेव्हा गेला, तो आलाच नाही. ही मिसळ मला नुसती तिखट लागते. झोंबते, एवढंच कळतं. मसाल्याचा पत्ता नाही.’

घरची माणसं गावाकडे. इथे खोलीवर एकटे. आंघोळ रोज, तीही दोनदा. पण शर्ट दोनच, आठवड्यातून एकदाच धुतलेले, एरवी रात्री घामासकट बंद खोलीत दोरीवर टाकलेले. ते ओलसरच अंगावर चढायचे. दूध नासलं की नाही हे कळत नाही, म्हणून दूध आणणंच सोडलेलं. गॅस चालू राहील म्हणून रेग्युलेटर तीनदा बघायचे. हे सगळं त्यांनी तक्रार न करता, पाव मोडता मोडता सांगितलं. सिंहस्थाचा विनोद माझ्या घशात अडकला. बिल मी दिलं. दुसरं करणार तरी काय?

पुढचं काम भराभर झालं. खरेदीवाल्याशी भांडून नानांना आणखी दोन शर्ट मिळवून दिले. आत सुती बनियन, काखेत तुरटी, शर्ट उलटा करून गच्चीवर कडक उन्हात. पंधरा दिवसांत चाळ मोकळी झाली. आम्ही पुन्हा चहाला बाहेर जाऊ लागलो आणि विभागाचं काम पुन्हा वेळेत होईनासं झालं.

पण नाना चोख माणूस. एकदा चूक कळली की तिची नोंदवही ठेवणारा. आता रोज नऊला पंचिंग मशीनपाशी ते माझी वाट बघत उभे असतात. मी दिसलो की उजवा हात टांगलेल्या कपड्यासारखा वर जातो.

‘घ्या बघून. ओके आहे ना?’

मागे रांग उभी असते. मी वाकतो, हुंगतो, ‘ओके’ म्हणतो. ड्रायव्हर लोकांना वाटतं, सिक्युरिटीचा नवा नियम आहे. दोघे-तिघे आपणहून हात वर करून माझ्यासमोरून गेले.

परवा मला सर्दी झाली. म्हटलं, ‘नाना, आज नाक चोंदलंय, काही कळत नाही.’

‘मग आता?’ नाना काळजीत पडले. इकडेतिकडे बघितलं. मग सरळ एचआरच्या केबिनकडे चालू लागले. दार त्यांच्या मागे लागलं. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त दिसत होतं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि नानांचा हात वर गेला.