दहातली एक ओळ

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी होते. मागून एका वहिनींनी विचारलं, "तुझा अजून पळतोच आहे का गं? आमच्याला फेन्सिंगला घातलंय. टेनिसला फार गर्दी. ॲडमिशनला उपयोग होतो म्हणे." त्यांचा मुलगा सहावीत!

आमच्याकडे सध्या बारावीतल्या मुलाचा कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना एकच चालणारा प्रवेश अर्ज) भरणं चालू आहे, म्हणून लिहिते. इथे अमेरिकेत खेळ धरला जातो तो दोन प्रकारे, आणि आपण त्यांची खिचडी करतो.

एक म्हणजे कॉलेजच्या कोचलाच तुमचं पोर हवं असणं. मग वजन असं पडतं की तोंडात बोट घालावं. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात २०१८ मध्ये आकडे बाहेर आले. कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के आत, साध्या अर्जदारांपैकी जेमतेम ५-६. हार्वर्ड ज्यात येतं त्या आयव्ही लीगमध्ये (आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात) खेळाची स्कॉलरशिप नसते, तरीही हे. २०१९ च्या कॉलेज-प्रवेशाच्या घोटाळ्यात कधी वल्हं हातात न धरलेल्या मुलांना रोइंगपटू म्हणून घुसवलं, ते उगाच नाही.

आपल्यातली बहुतेक मुलं दुसऱ्या प्रकारात. फॉर्मवर ॲक्टिव्हिटीजच्या जास्तीत जास्त १० नोंदी. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, आणि वर्णनाला स्पेस धरून १५० अक्षरं. तिथे तुमचा खेळ तबल्याच्या नाहीतर दुकानातल्या पार्टटाइम नोकरीच्या शेजारी बसतो. दहावीला खेळाडूंना ग्रेस मार्क मिळतात ना, तो हिशोब डोक्यातून काढा.

माझा चार वर्षं क्रॉस कंट्री पळतोय. व्हर्सिटीच्या (शाळेच्या मुख्य संघाच्या) शर्यतीत शाळेचे ७ जण उतरतात, त्यातल्या पहिल्या ५ जणांचे गुण धरतात. हा टीममध्ये अकरावा. म्हणजे कायम जेव्ही, ज्युनिअर व्हर्सिटी, दुसरा संघ. आठवड्याचे बारा तास, आणि गाडीच्या डिकीत चिखलाने माखलेले स्पाइक्स (खिळ्यांचे बूट). वास विचारू नका.

एका कन्सल्टंटने (फीसुद्धा विचारू नका) गेल्या वर्षी सांगितलं, "जेव्हीला काही किंमत नाही. सोडायला लावा, एनजीओ काढू दे." सोळा वर्षांच्या पोराने एनजीओ! पण खोटं कशाला बोलू, आठवडाभर मीही डळमळले. शेवटी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मग शाळा सुटल्यावर मी करू काय?"

हे सगळं वहिनींना रांगेत सांगायचं होतं, पण तेवढ्यात शिरा संपत आल्याची आवई उठली.

परवा रात्री ते १५० अक्षरांचं वर्णन लिहायला बसलो. मी म्हटलं, लीडरशिप घाल, टीम स्पिरिट घाल. त्याने टाइप केलं आणि खोडलं. मग लिहिलं की स्वतःची शर्यत संपली की मी परत मागे चालत जातो आणि मागे राहिलेल्या नववीतल्या मुलांबरोबर शेवटचा चढ पळतो. मला हे माहीतच नव्हतं. चार वर्षं मी फिनिश लाइनपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी, आणि हा नेमका कुठे गायब होतो म्हणून चिडायचे.

बावीस अक्षरं उरली होती. त्याने ती तशीच सोडली.